मोहरीचा आवाज

नाशिक,
१९ सप्टेंबर २००५

प्रिय मोहिनीवन्सं यांस,
सौ. मीनाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

गणपती पोचवून झाले. घर अगदी ओकंबोकं वाटतंय, म्हणून दुपारी पत्राला बसले. तुमच्या आंबेपाड्याला फोन नाही हे एका अर्थी बरंच आहे. फोनवर मला तुमच्या दादांची तक्रार धड करता आली नसती, ते शेजारीच उभे असतात.

कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर हा माणूस चार दिवस झोपेल, कुंड्यांना पाणी घालेल, असं मला वाटलं होतं. पण ज्याने जन्मभर ओतकामाचे लाकडी साचे घडवले, त्याचे हात कसले स्वस्थ बसताहेत! सातपूरला एका मित्राचं गोदाम रिकामं पडलं होतं. ते मागून घेतलं आणि वर्षभर खपून त्यात गणिताचं घर मांडलंय. संग्रहालयच म्हणायचं, पण काचेच्या कपाटातलं नाही. दारावर स्वतःच पाटी रंगवली आहे, ‘गणितघर. कृपया हात लावा.’ आत चौकोनी चाकांची एक गाडी आहे, ती उंचवट्यांच्या रुळावरून अशी अलगद जाते की वर बसलेल्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळत नाही. दोन घसरगुंड्या आहेत, एक सरळ आणि एक पोट खाली गेलेली. दोन्हींवरून गोट्या एकदम सोडल्या की लांबच्या वाटेची गोटी आधी पोचते. मला हे पटेना. मी गोट्या बदलून पाहिल्या, तरी तेच. साबणाच्या पाण्याचा एक हौद आहे, त्यात तारेचा चौकोनी पिंजरा बुडवून वर काढला की आत साबणाचेच पडदे उभे राहतात आणि अगदी मधोमध एक इवलासा चौकोन थरथरत राहतो. माझा कपड्यांचा साबण कुठे जातो ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आता खरी गोष्ट लिहिते, तिच्यासाठीच पत्र घेतलं. अण्णांचे डोळे अधू झाले आहेत. बरेच दिवस मला शंका होती. पेपर समोर धरून बसतात, पण पान उलटत नाहीत. परवा देवापुढे निरांजन लावताना पेटती काडी वातीच्या शेजारी धरून कितीतरी वेळ उभे होते. मग हट्टाने दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले की गेली ती नजर परत येत नाही, औषधाचे थेंब घालून उरलेली जितकी टिकेल तितकी खरी. अण्णांनी त्यांना एवढंच विचारलं की आलेखाच्या कागदावरच्या रेघा दिसत राहतील ना. डॉक्टर थेंबांची वेळ समजावून सांगू लागले.

तुमच्या दादांनी तोंडाने काही म्हटलेलं नाही, पण मला कळतं. अण्णांनी नजर आहे तोवर एकदा येऊन गणितघर पाहावं, याहून दुसरी इच्छा त्यांना उरलेली नाही. अण्णांनी, लोकांच्या रंगनाथ सरांनी, अर्ध्या नाशिकला भूमिती शिकवली आणि घरचाच मुलगा गणितात मागे पडून सुतारकामाला लागला, हे ऐकतच तर तुमचे दादा मोठे झाले. आणि अण्णा म्हणतात की खेळणी पाहायचं माझं वय राहिलं नाही. तुम्ही लाडक्या लेक आहात, काहीतरी युक्ती काढा.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, तिकडच्या पावसाळी हवेत त्याला बुरशी लागू देऊ नका.

तुमची,
सौ. मीनावहिनी


आंबेपाडा, ता. पेठ,
४ ऑक्टोबर २००५

ती. सौ. मीनावहिनींस,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र एस.टी.च्या कंडक्टरने शाळेत आणून दिलं. मी ते ओसरीवर उभ्या उभ्याच वाचलं आणि मग बराच वेळ आत वर्गात गेले नाही. मुलांनी आपापले पाढे म्हणायला घेतले. इथे अजून धुकं आहे. सकाळी डोंगर नसतातच, अकराच्या सुमाराला कोणीतरी ते आणून जागेवर ठेवतं. त्या पांढऱ्या पडद्याकडे पाहताना मनात आलं की अण्णांना आता असंच दिसत असेल का. मला रडू आलं वहिनी, तुमच्यापासून काय लपवायचं.

अण्णा फळ्यावर खडूने वर्तुळ काढायचे ते तुम्ही पाहिलेलं नाही. कंपास नाही, दोरी नाही, खांद्यातून एकदा हात फिरला की वर्तुळ पूर्ण. सगळा वर्ग श्वास धरून बसायचा, कारण अण्णांची भीती आणि त्या वर्तुळाचं कौतुक ही दोन्ही एकाच वेळी वाटायची. दादा शेवटच्या बाकावर असायचा. मला वाटतं तो वर्तुळाकडे पाहतच नसे, हाताकडे पाहत असे.

काल झोपेत मी दादाच्या गोदामात गेले होते. खरं तर मी ते अजून पाहिलेलं नाही. स्वप्नातल्या गोदामाला भिंती नव्हत्या, नुसतं धुकं, आणि त्यात दादाचे लाकडी ठोकळे शेळ्यांसारखे चरत होते. मी त्यांना हाक मारत होते, पण त्यांची नावंच मला आठवत नव्हती. जागी झाले तेव्हा पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मला उगीचच फार बरं वाटत होतं.

युक्ती म्हणाल तर एक सुचली आहे. डिसेंबरात शाळेची सहल न्यायची आहे. ती मी नाशिकला आणते, दादाच्या गणितघरात. मुलं आली आहेत, सांभाळायला वडीलधारं माणूस हवं, असं म्हटलं की अण्णांना नाही म्हणता येणार नाही. शाळेच्या कामाला ते कधी नाही म्हणाले नाहीत.

भीती एकाच गोष्टीची वाटते. आमची मुलं झाडाच्या शेंड्यावर राहणारी. हाताला लागेल ते सोलून, उकलून, वास घेऊन पाहतात. मागच्या वर्षी एका संग्रहालयात नेलं तर तिथला रखवालदार पहिल्यापासून शेवटपर्यंत खेकसत होता. दादाचं वर्षभराचं नाजूक काम, त्यातलं काही मोडलं तर अण्णांना बोलायला आयतं निमित्त मिळेल. पण तुम्ही काळजी करू नका. अजून दोन महिने आहेत, मी मुलांना पक्कं तयार करून आणते.

दादाला सांगा, साबण स्वतःचा वापर. तुमच्या मायेतला माझा वाटा राखून ठेवावा.

तुमची,
मोहिनी


नाशिक,
२२ नोव्हेंबर २००५

प्रिय मोहिनीवन्सं यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली, तुम्ही आलात आणि वाऱ्यासारख्या गेलात. डब्यातल्या चकल्या पोचेपर्यंत उरल्या की पेठच्या स्टॅंडवरच संपल्या, ते खरं खरं कळवा.

तुम्ही भाऊबीजेला एवढी गळ घातलीत तरी अण्णांनी गुडघ्यांचं कारण पुढे केलंच. आता रोज सकाळी काय होतं ते सांगते. तुमचे दादा स्कूटर बाहेर काढतात, परत आत येतात आणि अण्णांना विचारतात की येता का. अण्णा म्हणतात, उद्या पाहू. एवढंच. आवाज कोणी चढवत नाही, कोणी रागावत नाही. मी स्वयंपाकघरात असते आणि माझ्या हातातली पोळी तव्यावर करपते. आता त्यांना बांगडीतून पाहावं तेवढंच समोरचं दिसतं, आजूबाजूचं नाही. असे किती उद्या शिल्लक आहेत हे या दोघांनाही ठाऊक आहे, आणि दोघंही बोलत नाहीत. मला कधीकधी दोघांचाही फार राग येतो.

सहलीचं मात्र जमलं. तुमच्या पत्रातलं सहलीपुरतंच मी अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की मुलांवर लक्ष ठेवायला येईन, पण बाहेर खुर्ची टाकून बसेन, आत काही येणार नाही. तुमच्या दादांना एवढ्यानेही जेवण गोड लागलं. त्या दिवसापासून गोदामात पुन्हा एकदा सगळ्याला पॉलिश चाललंय.

आणि नेमकी मी तेव्हा नाही. मालेगावला भावजय बाळंत होणार, आईला एकटीला झेपायचं नाही, म्हणून माझ्या भावाने, धनराजने बोलावलंय. मुलांच्या पुरीभाजीची व्यवस्था शेजारच्या कमळाबाईंकडे लावली आहे. तुम्ही काय काय घडलं ते मला मालेगावला सविस्तर लिहा. तिथे दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट असतो, शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, पत्र मात्र छान वाचता येतं.

गडबडीत दोन ओळी कमी पडल्या असतील, लोभ कमी पडू द्यायचा नाही.

तुमची,
सौ. मीनावहिनी


आंबेपाडा,
२१ डिसेंबर २००५

ती. सौ. मीनावहिनींस,
सा. न. वि. वि.

मुलगा झाल्याचं दादाकडून कळलं. त्याचं नाव ठेवताना आत्याबाईंनी रुसून बसायचा रिवाज पाळला असेलच. आता मी सहलीचं लिहिते. आधी हसून घ्या, कारण माझ्याइतकी हुशार मास्तरीण पेठ तालुक्यात दुसरी नसेल.

मुलं गाडीतून उतरली, चपला काढल्या, दोन रांगा केल्या आणि हात पाठीमागे बांधून आत गेली. मी दोन महिने हेच तर घोटून घेतलं होतं. वाळू नावाचा मुलगा आमच्यात वाचण्यात पटाईत. त्याने दारावरची पाटी मोठ्याने वाचली, ‘कृपया हात लावा,’ आणि मागच्यांना बजावलं की पाटी चुकलीय, कोणी लावायचा नाय. आत सगळं शांत. दादा एकेका वस्तूपाशी जाऊन दाखवत होता, गोट्या सोडत होता, पिंजरा बुडवत होता, आणि मुलं देवळात असल्यासारखी माना डोलवत होती. भिकनने तर लाकडी घनाला वाकून नमस्कार केला.

दादा माझ्याकडे पाहायला लागला. मी पुढे होऊन मुलांना सांगितलं की इथे हात लावायचा असतो, लावा. कोणी हलेना. वहिनी, घात असा झाला की सराव करताना मीच शिकवलं होतं, कोणी कितीही म्हटलं, अगदी मी म्हटलं, तरी हात लावायचा नाही, ती तुमची परीक्षा असेल. मुलं माझ्याकडे पाहून गालातल्या गालात हसली. त्यांना वाटलं, बाईंची परीक्षा सुरू झाली. दादाच्या हातातला पिंजरा तसाच राहिला आणि त्यातला तो मधला चौकोन फुटला. त्याचा चेहरा मला बघवेना. बाहेर अण्णा चपलांच्या राशीशेजारी खुर्चीत बसले होते. त्यांना ऐकू येत होतं ते असं की आत मुलं आहेत आणि कोणालाही काहीही बोलावंसं वाटत नाही.

आणि वीज गेली. भारनियमनाची वेळ बदलली होती म्हणे, दादाला पत्ता नव्हता. त्या गोदामाला खिडकी नाही हे तुम्हाला माहीत आहेच. दार उघडं होतं, पण उजेड उंबऱ्याच्या आत फार येत नव्हता. दादा बॅटरी शोधायला बाहेर धावला. मी मुलांना जागच्या जागी थांबायला सांगितलं आणि स्वतःही भिंतीला टेकून उभी राहिले.

आधी काहीच नव्हतं, नुसते श्वास. मग कुठेतरी लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज आला. मग पाण्यात बोट बुडल्याचा. कोणीतरी खुदकन हसलं. आमची मुलं अंधाराला भीत नाहीत वहिनी, त्यांची घरं अशीच असतात, चुलीमागचं मडकं आणि कोपऱ्यातली सुपली ती हातानेच ओळखतात. शिवाय अंधारात बाईंना दिसत नाही, म्हणजे परीक्षाही संपली. हळूहळू सगळं गोदाम कुजबुजायला लागलं. काय वाजतंय, कोण कुठे आहे, काही कळत नव्हतं. मला माझं ते स्वप्न आठवलं आणि मी चक्क डोळे मिटून उभी राहिले.

तेवढ्यात तो आवाज आला, सरसर, बारीक, लांबलेला. मी लगेच ओळखला, दिवाळीत ऐकला होता. मधल्या भिंतीवर दादाने एक लाकडी चाक बसवलंय ना, त्यावर काटकोन त्रिकोण आणि त्याच्या तिन्ही बाजूंना तीन चौरस चपट्या पेट्या. आत मोहरी. चाक फिरवलं की दोन लहान पेट्यांतली मोहरी सरकून मोठ्या पेटीत उतरते. भागी नावाची माझी एक मुलगी आहे, वर्गात तोंड उघडत नाही, ती ते चाक फिरवत होती.

बाहेरून अण्णांनी विचारलं की हे काय वाजतंय. तोच वर्गातला आवाज. माझेसुद्धा पाय जुळले. भागीने आतूनच सांगितलं की दोन बारक्या डब्यांतलं एका मोठ्या डब्यात गेलं. अण्णांनी विचारलं की डबे कशाला लावलेत. ती म्हणाली की तीन कोनांचं काहीतरी आहे, त्याच्या कडांना. मग त्यांनी विचारलं की मोठा भरून उरलं किती. भागीने पेट्यांवर बोटांनी ठोकून पाहिलं आणि सांगितलं, काहीच नाय उरलं, बारक्यांत नाय आणि मोठ्यात जागापण नाय. अण्णा म्हणाले, परत कर. तिने परत केलं. ते म्हणाले, पुन्हा एकदा. मग मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

ते भिंतीला हात लावत आत आले. पोर बिचारी, तिला हे कोण ते ठाऊक नाही. म्हाताऱ्याला दिसत नसेल म्हणून तिने त्यांचा हात धरला आणि नेऊन पेटीवर ठेवला. मी अगदी जवळ होते. अण्णांनी त्रिकोणाच्या कडेकडेने बोट फिरवलं, काटकोन सापडला तिथे अंगठा दाबून ठेवला, आणि दुसऱ्या हाताने स्वतः चाक फिरवलं. मोहरी सरकून थांबेपर्यंत ते मान तिरकी करून ऐकत होते. त्यांनी जन्मभर हा सिद्धांत फळ्यावर सिद्ध केला, पण तो वाजतो कसा हे त्यांना कुठे माहीत होतं!

मग मुलांना कोणी सांगावं लागलं नाही. जो तो हाताला लागलेला ठोकळा आणून अण्णांच्या मांडीवर ठेवायला लागला आणि ह्याचं नाव काय, ह्याचं काय, असं विचारायला लागला. अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले होते. बोटांनी चाचपून ते नाव सांगत, चतुष्फलक, अष्टफलक, आणि त्या नावांना मुलं खो खो हसत. मला दारात दादा दिसला. बॅटरी पेटवून तो आत पाऊल टाकणार होता. त्याने पाहिलं, बॅटरी विझवली आणि तो बाहेर चपलांमध्ये जाऊन उभा राहिला. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही.

दिवे आले तसे सगळ्या मुलांनी हात झटकन पाठीमागे घेतले. अण्णा उठले, धोतर झटकलं आणि बाहेर जाऊन खुर्चीत बसले. आजूबाजूला त्यांनी पाहिलं नाही. दादानेही काही विचारलं नाही.

परत येताना गाडीत सगळी झोपली. घाट चढताना थंडी वाजायला लागली, म्हणून मी दोघीतिघींना जवळ ओढून घेतलं. सगळ्यांच्या हातांना तुमच्या साबणाचा वास येत होता. भागी झोपेतच बोट हलवत होती, कोणाला ठाऊक कुठलं चाक फिरवत असेल.

बाळाला दृष्ट लागू नये म्हणून माझ्याकडून काजळाची तीट लावा. तुमचा लोभ मला इथे डोंगरातही पुरतो, तो असाच येत राहावा.

तुमची,
मोहिनी


नाशिक,
१६ जानेवारी २००६

प्रिय मोहिनीवन्सं यांस,
सप्रेम नमस्कार. सोबत तिळगूळ आहे, पोस्टात त्याचा भुगा झाला तरी गोडच बोलायचं.

तुमचं पत्र मी मालेगावला इतक्या वेळा वाचलं की धनराजने विचारलं, कोर्टाचं काही आहे का. घरी परतले तर घर निराळंच. तुमचे दादा सकाळी स्कूटर बाहेर काढतात, आणि अण्णा आधीच टोपी घालून फाटकापाशी उभे. संग्रहालय हा शब्द काही अजून तोंडातून निघत नाही, जाऊन येतो, एवढंच म्हणतात. दिवसभर तिथे बसून एकेक वस्तू हातात घेतात आणि संध्याकाळी जेवताना चुका काढतात. त्याही मला सांगतात! समोर मुलगा बसलेला असतो आणि हे म्हणतात, मीना, त्याला सांग की तो मोठा घन एका कडेला फुगलाय. तुमचे दादा म्हणतात, मीना, उद्या घासतो म्हणून सांग. मी दोघांना आमटी वाढते. एवढ्या आनंदाने जेवताना मी या माणसाला लग्नातसुद्धा पाहिलेलं नाही.

पण वन्सं, परवा डॉक्टरांकडे गेलो होतो. उजवा डोळा गेलाच आहे. डाव्याला उजेड आहे की अंधार एवढंच कळतं, आणि तेही किती दिवस सांगता येत नाही. सहलीच्या सुमारालाच नजर गेली असावी म्हणतात, अण्णांनी कळू दिलं नव्हतं. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि डॉक्टरांचे आभार मानले. घरी आल्यावर तुमचे दादा अंगणात रंधा घेऊन बसले आणि ज्या फळीला काही गरज नव्हती ती गुळगुळीत करत राहिले. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते एकच वाक्य बोलले. म्हणाले की अण्णा आले, पण त्यांनी पाहिलं नाही. मी शेजारी बसून राहिले आणि चहा निवून गेला.

त्याच फळीची त्यांनी अण्णांना लिहायची पाटी करून दिली आहे. ओळीओळीला खाच आहे, खाचेत पेन ठेवून लिहिलं की ओळ सरळ राहते, निदान राहावी. अण्णा तिच्यावर सराव करतात. आलेली पत्रं मात्र मीच त्यांना वाचून दाखवते, तेव्हा यापुढे दादांच्या तक्रारी जपून लिहायच्या. माझ्या मी चालूच ठेवणार.

तुमच्या आठवणीने घर अर्धं भरतं, उरलेलं भरायला लवकर या.

तुमची,
सौ. मीनावहिनी


नाशिक,
२६ फेब्रुवारी २००६

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

शेखरने करून दिलेल्या पाटीवर लिहीत आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर तो पाटीचा दोष नाही. तिसऱ्या खाचेनंतर माझंच लक्ष भरकटतं. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच, लहानपणी माझी फळ्यावरची गणितं तू अंदाजानेच वाचायचीस.

प्रकृती ठीक आहे. आज महाशिवरात्र, मीनाने रताळी केली होती. द्राक्षं आली आहेत, गोड आहेत. गणितघरात आता शाळांची मुलं येतात. मी चाकाच्या शेजारी बसतो. मुलांना आधी डोळे मिटून ऐकायला लावतो आणि मग विचारतो की आत काय घडलं असेल. परवा एका शाळेचे शिक्षक म्हणाले की हे सूत्र आधी सांगून टाकलं तर वेळ वाचेल. मी त्यांना बाहेर जाऊन चहा पिऊन यायला सांगितलं. तुझी भागी काय करते ते कळव. तिला विचार की दोन बारके डबे सारखे नसून एक फार बारका असता तर मोठा भरला असता का. उत्तर सांगू नकोस. तिला काड्या घेऊन बसू दे.

आता कामाचं लिहितो. शेखर मला रोज बोलवत होता तेव्हा मला समोरचं थोडं दिसत होतं. पण उंबरा दिसायचा नाही, बाजूने कोण आलं ते कळायचं नाही. मुलाने मांडलेल्या जागेत त्याच्यासमोर धडपडायला नको म्हणून मी गेलो नाही. खेळणी वगैरे बोललो ते त्यासाठी. त्या दिवशी अंधार झाला आणि सगळेच चाचपडायला लागले, तेव्हा मला आत जाता आलं.

त्याचं काम मी हातांनी पुरतं ओळखतो. कुठला सांधा कुठे आहे, कुठे त्याने घाई केली आणि कुठे केली नाही, हे मला कळतं. फार ठिकाणी घाई केलेली नाही. पण ते दिसतं कसं, हे मला माहीत नाही आणि आता कळायचं नाही. रात्री स्वप्नात मला दिसतं अजून. परवा ते सगळं गोदाम दिसलं, उजेडाने भरलेलं. जागा झाल्यावर लक्षात आलं की ते रंग मीच दिले होते. शेखरने कोणते दिलेत ते मला ठाऊक नाही. मीनाला विचारलं तर ती म्हणते, छान आहे. छान हे वर्णन नव्हे.

शेखरला मी विचारू शकत नाही. त्याला सांगता येणार नाही.

तू पाहिलं आहेस. तेव्हा तू लिही. दारातून आत शिरल्यावर आधी काय दिसतं, लाकडाचा रंग कसा आहे, साबणाच्या पडद्यावर कोणकोणते रंग येतात आणि ते सरकतात का, आरशांचा एक कोपरा आहे म्हणतात, त्यात उभं राहिलं की काय होतं, सगळं लिही. कागद कितीही लागू देत. तुझी पत्रं मीना मला वाचून दाखवते, आणि ती वाचायला लागली की शेखर दाराशी येऊन उभा राहतो. त्याला वाटतं मला कळत नाही. म्हणून सावकाश वाचता येईल असं लिही, आणि जे सुंदर आहे त्याला सुंदर म्हण.

माझे आशीर्वाद तुला आहेतच, तुझ्या मुलांनाही ते माझ्या वतीने वाटून दे.

तुझा,
अण्णा